शनिवारचा शब्द

शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

"मध," नरहर म्हणाला आणि ग्लास खाली ठेवून मोबाइल बघायला लागला.

गेल्या शनिवारी मध. त्याआधीच्या शनिवारी मध. दसऱ्याला व्हॅनिला, तेही मी डोळे वटारल्यावर.

पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा डायरी उघडली ती ह्या मधामुळे. इंदूरच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात असताना मी दोन डायऱ्या लिहायचे. इंग्रजीतली सिस्टर अ‍ॅग्नेस तपासायच्या. मराठीतली खरी असायची, कारण त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. अजूनही खरं लिहायचं तर मराठीच सुचतं.

तर खरं हे. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत, पिपलानीला, नरहरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, त्याने मला व्हिस्कीचा पहिला ग्लास दिला आणि म्हणाला, पिऊ नकोस, आधी हुंग, एकच शब्द सांग. मी म्हटलं, "विझलेली वात." तो इतका खूश झाला की त्याने ते कॅलेंडरच्या पानामागे लिहून ठेवलं. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी दोघांचे दोन-दोन बोटं भरलेले ग्लास, दोघांचा एकेक शब्द, आणि नियम असा की तोच शब्द लागोपाठ दोनदा चालणार नाही. पस्तीस कॅलेंडरं माळ्यावर आहेत. बुटाचं पॉलिश. ओलं गोणपाट. नव्या क्रमिक पुस्तकाचं मधलं पान. जुईच्या जन्माच्या आठवड्यात त्याने लिहिलंय, "काही नाही, फक्त कमल."

आता मध, मध, मध. नियम मोडला तरी त्याच्या लक्षात येत नाही. मन इथे नसेल तर नाक तरी कुठून इथे असणार?

मंगळवार, १२ नोव्हेंबर

मन कुठे आहे तेही लिहून टाकते.

मंडळाच्या कोजागिरीला सुचेता भेटली. एकोणसाठची असावी. मूळची ग्वाल्हेरची. नवऱ्याच्या साखर कारखान्याच्या नोकरीपायी जमैकाला गेली आणि तिथे स्वतः रमच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, अठरा वर्षं राहिली. काम काय, तर वास घेणं. नवरा गेल्यावर ती इथे, अरेरा कॉलनीत, आमच्यापासून चार गल्ल्यांवर राहायला आली. केस बॉयकट, कानात लाकडी डूल.

मसाला दुधाचा पेला हातात धरून नरहर तिच्याशी तासभर बोलत होता. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून गारठले. निघताना ती मोठ्याने म्हणाली, "अरे नरहर, नक्की ये. लाजू नकोस."

अरे नरहर! मी त्याला नावाने हाक फक्त ह्या डायरीत मारते. समोर अजून अहो. एवढी कॉन्व्हेंटमध्ये शिकून तोंडातून कधी "अरे" निघालं नाही, आणि ही पहिल्याच भेटीत म्हणून मोकळी.

आता त्याचा सकाळचा फेरफटका तिच्या दारात थांबतो. पूर्वी पाऊण तासात यायचा. आज पावणेदोन तास. मी विचारलं. म्हणाला, "सुचेता रमबद्दल सांगत होती. इंटरेस्टिंग आहे."

आमच्या घरात रम म्हणजे केकमध्ये घालायची वस्तू.

रविवार, १७ नोव्हेंबर

दूध करपलं. मी गच्चीत कपडे वाळत घालत होते, मला तिथपर्यंत वास आला. हा स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे पेपर वाचत होता. "अहो, दूध!" म्हणून ओरडत आले तर दचकून उठला, पातेल्याकडे असा बघत राहिला जसं काही दुसऱ्याच कुणाच्या घरचं पातेलं आहे.

दुपारी धुण्यात त्याचा रुमाल मिळाला. गुलाबाचं अत्तर. चौकातल्या दुकानात मिळतं तसलं, दाट, जुन्या पद्धतीचं. नरहर अत्तर लावत नाही. शर्टाच्या खिशात दोन लवंगा.

कुणाच्या तोंडाजवळ जायचं असल्याशिवाय माणूस लवंग कशाला चघळतो?

वयाच्या बासष्टाव्या वर्षी हे वाक्य मला लिहावं लागतंय.

शनिवार, २३ नोव्हेंबर

आज मी एक हलकट गोष्ट केली.

जुईच्या लग्नातली एक स्वस्त व्हिस्की सात वर्षं कपाटात पडून आहे, कुणी प्यालं नाही. दुपारी तो झोपलेला असताना त्याच्या चांगल्या बाटलीतली व्हिस्की मी बरणीत काढून ठेवली आणि त्यात ती भरली. स्पिरिटचा आणि जळक्या साखरेचा भपकारा. लहान मुलानेसुद्धा नाक मुरडलं असतं.

संध्याकाळी त्याने ग्लास नाकाशी धरला. पुष्कळ वेळ. वाटलं, आता म्हणेल, "कमल, हे काय गं?" आणि मी हसेन, आणि सगळं ठीक होईल.

त्याने माझ्याकडे पाहिलं. ग्लासकडे नाही, माझ्याकडे, चेहरा वाचत असल्यासारखं. मग म्हणाला, "वा. मध."

मी कॅलेंडरच्या मागे माझा शब्द लिहिला नाही. त्याने विचारलंही नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर

परवाची डाळ आंबली होती. मी टाकायला म्हणून ओट्यावर ठेवली तर हा भातावर घेऊन जेवला. "छान झालीय," म्हणाला.

असं म्हणतात की नव्याने जीव जडला की अन्नाची चव कळत नाही. पस्तीस वर्षांपूर्वी माझ्यापायी त्याची भूक गेली होती म्हणे. सासूबाई सांगायच्या.

बुधवार, २७ नोव्हेंबर

तेल कमी होतंय.

आईच्या कृतीचं केसांचं तेल मी घरीच करते. ब्राह्मी, कापूरकाचरी, वाळा, खोबरेल मंद आचेवर. बाटलीला दोन महिने पुरतं. ह्या वेळी पंधरा दिवसांत बोटभर उतरलं. नरहरला विचारलं तर पाठ फिरवून म्हणाला, "सांडलं असेल."

सांडलेलं तेल दिसतं कुठेतरी.

शनिवार, ३० नोव्हेंबर

मी स्वतःच गेले. म्हटलं, मलाही रम शिकायची आहे. सुचेताने दार उघडलं, दोन्ही हात धरले. "कमलिनीताई! नरहर सारखं तुमच्याबद्दलच बोलतो."

हे सगळ्याच म्हणत असतील.

घर नीटनेटकं. तिने छोट्या ग्लासांत चार रम ओतल्या. बार्बाडोसची सभ्य, ओळख करून दिल्यावरच बोलणारी. गयानाची काळी, गुळाच्या काकवीसारखी. मार्टिनिकची उसाच्या ताज्या रसाची, तिला गवत कापल्याचा वास. इथवर मी माझी व्हिस्कीची ऐट सांभाळून होते. मग चौथा ग्लास.

"अहो, हे तर फर्निचर पॉलिश आहे!" माझ्या तोंडून निघालं.

ती खो खो हसली. "जमैका. माझ्या कारखान्याची. रम गाळून झाली की भांड्यात जे आंबट पाणी उरतं ना, ते आम्ही फेकत नाही. खड्ड्यात मुरवतो, कुजवतो. पुढच्या मळीत ते घालायचं. मग असा वास येतो. तिकडे ह्याला फंक म्हणतात. इथे लोक म्हणतील सडलंय."

"आणि हे आवडतं लोकांना?"

"दुसरं काही नाकापर्यंत पोचत नसलं तरी हे पोचतं," ती म्हणाली. मग घाईने बिस्किटांची बशी पुढे केली.

मी हात धुवायला उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी मला वास आला. पुसट. ब्राह्मी, कापूरकाचरी, वाळा. माझं तेल.

मी परत येऊन तिच्या केसांकडे पाहिलं. एवढ्याशा केसांना किती तेल लागतं? पण लागत असेल. माझ्या आईच्या हातची कृती, त्या बाईच्या डोक्यावर.

घरी कशी आले आठवत नाही.

मंगळवार, १० डिसेंबर

जुई बेंगळुरूहून दोन दिवसांसाठी आली होती. त्याआधी ती कामासाठी दुबईला गेली होती, तेव्हा तिथल्या विमानतळावरून जमैकाची एक बाटली आण म्हणून मी तिला सांगितलं होतं. तिला वाटलं बाबांसाठी.

"आई, तू? रम?"

"का? मी फक्त लोणची घालावीत का?"

"तसं नाही गं. पण तू तर म्हणायचीस, व्हिस्कीशिवाय सगळं सरबत."

"विचार बदलतात."

जाताना तिने विचारलं, "बाबा ठीक आहेत ना? मी त्यांच्यासाठी कॉफी पावडर आणली, त्यांनी डबा उघडून पाहिलासुद्धा नाही." म्हटलं, बाबांना आता घरातलं काहीच दिसत नाही.

रोज दुपारी, तो झोपला की, मी अभ्यास करते. ठरवलंय. ती ज्या गोष्टीने त्याला बोलावते, ती गोष्ट मी तिच्यापेक्षा चांगली शिकणार. शाळेतही मी अशीच होते. गणितात पहिली येणाऱ्या मुलीवर जळून गणितात पहिली आले, आणि नंतर गणिताकडे पुन्हा पाहिलं नाही.

टिपण: आधी नेलपॉलिश. ते उडून जाऊ द्यायचं, पाच मिनिटं. मग सुताराकडचं वार्निश. मग अननस, पिकून खालून पाणी सुटलेला. तळाशी खारातल्या कैरीची बरणी. थेंबभर पाणी घातलं की केळं वर येतं. माझ्या व्हिस्कीत धूर असतो, तो शेजारी बसून राहतो. ही शेजारी बसत नाही. ही दारातून आत येतानाच बोलायला लागते.

वाईट हे की मला ती आवडायला लागली आहे. रम.

शनिवार, १४ डिसेंबर

बिट्टन मार्केटच्या हाटात गेले, वास पक्के करायला. केळीवाल्याने चांगला घड पुढे केला. मी गाडीच्या टोकाला टाकलेली काळी पडलेली केळी उचलून हुंगली.

"माताजी, वो तो गल गया. वो मत लीजिए."

"मुझे गला हुआ ही चाहिए."

त्याने शेजारच्या भाजीवालीकडे पाहिलं. ती म्हणाली, "गाय के लिए ले रही होंगी." मी हो म्हटलं. पैसे घेतले नाहीत त्याने, गाईसाठी म्हणून. पाप कुणाच्या खात्यावर, देव जाणे.

संध्याकाळी नरहर गॅलरीत ग्लास घेऊन बसला तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणून आत पडून राहिले. पस्तीस वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा जुईच्या वेळी. त्याने आत येऊन माझ्या कपाळावर हात ठेवला. बोटांना निलगिरीचा वास होता. मी हात बाजूला केला. तो परत गॅलरीत गेला.

शनिवार, २१ डिसेंबर

वसतिगृहात नोव्हेंबरमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेस केकसाठी मनुका, चेरी, संत्र्याची साल मोठ्या बरणीत रममध्ये भिजवायच्या. एकेका मुलीला ढवळायला मिळायचं, तेही डोळे मिटून, मनात काहीतरी मागून. बरणीचं झाकण उघडलं की सगळा व्हरांडा गोड व्हायचा. मी दर वर्षी एकच मागायचे: कुणीतरी फक्त माझं असावं. सात भावंडांत वाढलेल्या, वडिलांना जिचं नाव आठवायला एक क्षण लागायचा अशा मुलीने दुसरं काय मागायचं?

आज विचारणार होते. "तुमचं तिच्याशी काय आहे?" एवढंच. तो जुनं कॅलेंडर मांडीवर घेऊन बसला होता, मागची पानं वाचत. मी दारात आल्यावर त्याने ते उलटं ठेवलं.

विचारलं नाही. उत्तर आलं तर काय करायचं?

सुचेताचा फोन होता. पुढच्या शनिवारी दुपारी दोघांनी या, वर्षअखेर साजरी करू.

शनिवार, २८ डिसेंबर

सगळं जसं झालं तसं लिहिते.

मी आईची जांभळी चंदेरी नेसले. केसांना तेल लावलं, मुद्दाम, भरपूर. म्हटलं, कळू दे कुणाचं तेल कुणाच्या केसांना शोभतं.

टेबलावर सहा ग्लास, नावं झाकलेली. सुचेता म्हणाली, "गंमत म्हणून. ओळखा."

मी ओळखले. सहापैकी पाच. जमैकाच्या ग्लासाचं तर मी लांबूनच सांगितलं, वार्निश, अननस, खारातली कैरी, पाणी घातलंत तर केळं. सुचेताने ग्लास खाली ठेवला. "कमलिनीताई, अठरा वर्षांत माझ्या लॅबमध्ये असं नाक आलं नाही. शपथ."

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मी नरहरकडे पाहिलं. तो पहिला ग्लास हुंगत होता. ठेवला. दुसरा. ठेवला. तिसरा. माझ्याकडे बघून म्हणाला, "मध?" प्रश्न विचारल्यासारखं. चौथा काही न बोलता ठेवला.

मग जमैका. त्याने डोळे मिटले.

"केळं," तो म्हणाला. "काळं पडलेलं. सुचेता, केळं आहे हे."

"आहे! अरे नरहर, आहे!" ती उडालीच. तिने त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि दोघांच्या डोळ्यांत पाणी.

माझ्यादेखत. एका केळ्यासाठी.

मी उठले. स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं. खिडकीच्या कट्ट्यावर एक ट्रे होता. त्यात औषधाच्या असतात तशा पाच छोट्या बाटल्या, आत कापसाचे बोळे. प्रत्येकीवर चिठ्ठी, नरहरच्या अक्षरात. कारखान्यात ड्रॉइंगवर लिहायचा तशी उभी, सुटी अक्षरं. गुलाब. लवंग. लिंबू. निलगिरी.

पाचवीवर लिहिलं होतं: कमल.

मी झाकण उघडलं. माझं तेल.

खाली आलेख कागद, चिमटा लावलेला. तारखा ऑक्टोबरपासूनच्या, रोजच्या. पाच रकाने, दहापैकी गुण. निलगिरीखाली शून्य, शून्य, एक, एक, दोन. लवंगेखाली नोव्हेंबरअखेर पहिला एक. गुलाब, लिंबू, शून्यच. आणि "कमल"खाली वरपासून खालपर्यंत, एकही दिवस न चुकवता, शून्य.

नळ वाहत होता. कधी बंद केला आठवत नाही. मागे सुचेता उभी होती. हळू आवाजात म्हणाली, "जुलैत त्याला तो ताप आला ना, तेव्हापासून वास येणंच गेलंय. डॉक्टर म्हणतात, रोज वास घ्यायचा सराव करा, येईल, नाहीतर येणारही नाही. चार वास असतात त्यात. पाचवा त्याने स्वतः आणला."

"मला का नाही सांगितलं?"

"मी रोज हेच म्हणते. ताई, त्याला विचारा. मला नाही."

रविवार, २९ डिसेंबर

विचारलं.

"काय सांगणार होतो?" नरहर म्हणाला. "दर शनिवारी तू इतक्या आशेने बघायचीस. म्हटलं, महिनाभरात येईल परत, कळणारही नाही तुला. मग दोन महिने झाले."

"म्हणून मध?"

"सोपा होता. व्हिस्कीत बहुतेक असतोच." मग म्हणाला, "त्या दिवशी तू बाटली बदलली होतीस ना? तुझ्या चेहऱ्यावरून कळलं, काहीतरी केलंयस. पण काय ते कळेना. फार भीती वाटली, कमल."

करपलेलं दूध. आंबलेली डाळ. मी घरभर त्याचा रुमाल आणि बोटं हुंगत हिंडत होते, आणि त्याला माझ्याच घरात काही सापडत नव्हतं.

"अत्तर मला वाटलं तिचं आहे," मी म्हटलं.

"कुणाचं?"

"आणि लवंग."

त्याला समजायला वेळ लागला. समजल्यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मला हसू आलं नाही. आधी तिला सांगितलं. पाच महिने झाले, त्यातले अडीच तिला ठाऊक होतं आणि मला नाही. हे मी विसरणार नाही, आणि लगेच माफही करणार नाही. तसं त्याला सांगितलं. "बरं," म्हणाला.

शनिवार, ४ जानेवारी २०२५

आज त्याने ग्लास नाकाशी धरला आणि म्हणाला, "काही नाही." मी कॅलेंडरच्या नव्या पानामागे लिहिलं, नरहर: काही नाही. माझा शब्द लिहिला, पेन्सिलचं टरफल. त्याला सांगितलं कुठली पेन्सिल, सहा कोनांची, जुईची. तो ऐकत राहिला, ग्लास हातात तसाच.

मग मी आत गेले. कपाटातून माझी जमैकाची बाटली काढली, बोटावर दोन थेंब घेतले आणि कानांमागे लावले. थोडं झोंबलं. काळ्या केळ्यांचा अख्खा घड डोक्यावर घेऊन चालल्यासारखा वास सुटला होता मला. सिस्टर अ‍ॅग्नेसनी पाहिलं असतं तर क्रॉसची खूण केली असती.

गॅलरीत येऊन त्याच्या खुर्चीशेजारी वाकले. तोंडातून शब्द निघायला पस्तीस वर्षं लागली, आणि निघाला तोही खरखरीत, कधी न वापरलेल्या कडीसारखा.

"अरे नरहर."

तो चमकून वळला. नाक माझ्या कानापाशी आलं. एकदा. पुन्हा. मग त्याने डोकं माझ्या मानेत खुपसलं आणि तसाच राहिला. खालून कुणाची तरी स्कूटर गेली, समोरच्या गच्चीत बाई दोरीवरचे कपडे काढत होत्या, त्यांनी पाहिलं असेल.

"सापडलीस," तो म्हणाला.

कॅलेंडरवरचं "काही नाही" त्याने स्वतः खोडलं. त्याखाली सुट्या, उभ्या अक्षरांत लिहिलं: कमल, केळ्यासकट.

बाटलीत आता जेमतेम पाव उरली आहे. जुईला फोन करून दुसरी सांगितली. सुचेताकडे चार पडल्या आहेत, पण तिच्याकडून मी घेणार नाही.